फुल्वेट्याचं बिऱ्हाड

बालाजीरावांची आणि त्या पक्ष्याची पहिली भेट झाली त्या क्षणी मैलापुरातल्या झाडून सगळ्या देवळांच्या घंटा एकदम वाजू लागल्या. देवळाच्या तळ्याचं पाणी दोन पायऱ्या वर चढलं. नाक्यावरच्या कॉफीवाल्याने हातभर उंचीवरून सोडलेली धार खालच्या वाटीत पडायचं विसरून हवेतच लोंबकळत राहिली. एका संगीत सभेत पहिल्या रांगेत झोपलेले सगळे रसिक एकाच वेळी जागे झाले, आणि एका रिक्षावाल्याने मीटरवर दिसत होते तेवढेच पैसे मागितले. ही हकीकत बालाजीराव स्वतः सांगत. ऐकणारे बाकी सगळं मान्य करत, फक्त रिक्षावाल्यापाशी अडत.

त्यांच्या पत्नी सईबाई यांच्याकडे या प्रसंगाची वेगळी आवृत्ती होती. त्यांच्या मते त्या दिवशी डांबरगोळ्यांच्या वासाने नवऱ्याला भोवळ आली, आणि कानात जे वाजलं ते त्याचंच.

खरी परिस्थिती अशी की पक्षी मरून त्या वेळी ऐंशी वर्षं होऊन गेली होती. मैलापुरातल्या एका जुन्या कॉलेजच्या एका जुन्या संग्रहालयातल्या, त्या दोघांहूनही जुन्या दिसणाऱ्या सागवानी कपाटाच्या बाराव्या खणात तो उताणा पडला होता. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी कापूस, आणि पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिमणीएवढा जीव. अंग तपकिरी, डोकं राखाडी, पोट फिकट. ना तुरा, ना लांब शेपूट, ना कुठे लाल-पिवळा ठिपका. शेजारच्या खणात निळेजांभळे, सोनेरी, माणसाने नसते उद्योग केल्यासारखे रंगवलेले पक्षी होते. सव्वीस वर्षांचे बालाजीराव नोकरीच्या पहिल्या दिवशी ते सगळे ओलांडून या गरीब कारकुनी चेहऱ्याच्या पक्ष्यापाशी येऊन थांबले ते थांबलेच.

चिठ्ठीवर कोणा इंग्रजाच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं की हा नर शेवरॉयच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यालगतच्या रानात मिळाला. खाली पेन्सिलीने एक ओळ होती: फार गोड गातो. इंग्रजाला ते गाणं फारच आवडलं असावं, कारण त्याने लगेच गोळी घातली होती.

पक्ष्याचं नाव तपकिरी गालांचा फुल्वेटा. हा आपल्या सह्याद्रीपासून पूर्वेकडच्या डोंगरांपर्यंत आणि तिथून पार आग्नेय आशियापर्यंतच्या रानांत राहतो, झुडपांतून चार-दोन सोबत्यांसह फिरतो, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. बालाजीरावांना वाटलं, हा आपल्यातलाच.

आता बालाजीराव कोण, ते सांगायला हवं. संग्रहालयाच्या नोंदवहीत त्यांचा हुद्दा काहीही असो, त्यांचं काम एकच होतं: चिठ्ठ्या लिहिणं. पक्षी, फुलपाखरू, शिंपला, जे काही मरून तिथे येई त्याचं नाव, कूळ, गाव आणि तारीख काळ्या शाईने, टाकाने, मोहरीएवढ्या अक्षरात लिहून ते त्याच्या पायाला, पंखाला किंवा जिथे जागा असेल तिथे बांधत. अक्षर इतकं देखणं की पाहुणे पक्ष्याकडे न बघता चिठ्ठीकडे बघत. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक डाग पडला. तो कोणत्या घुबडावर आहे हे ते अजून सांगू शकत, पण सांगत नसत.

हे काम ते संध्याकाळी ऑफिसात ठेवून आले असते तर सईबाईंची तक्रार नव्हती. पण वेस्ट मांबलमच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकदा रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातले डबे कुळांप्रमाणे लावले. वांगी, बटाटे, टोमॅटो आणि मिरच्या एका टोपलीत, कारण त्यांचं कूळ एक. हळद, आलं आणि वेलदोडे एका फळीवर, त्याच कारणाने. हिंग, जिरं, धने, ओवा आणि बडीशेप यांच्या रांगेत शेवटी एक गाजर उभं होतं. सईबाईंनी पाच मिनिटं हिंग शोधला आणि मग अतिशय शांतपणे विचारलं की सांबारात आधी डाळ घालू की कूळ. त्या दिवशी बालाजीराव इडली खायला बाहेर गेले. परत आले तेव्हा डबे आपापल्या जागी होते. गाजर मात्र त्यांच्या टेबलावर, पायाला चिठ्ठी बांधून ठेवलेलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: हें शिजणार नाहीं.

बालाजीराव तंजावरचे मराठी. म्हणजे मराठे राजे तंजावरला गेले त्यांच्या मागोमाग जी कारकून, शास्त्री, आचारी मंडळी गेली, त्यांच्यातल्या कुणाचे तरी वंशज. स्वतः ते तंजावरला उभ्या आयुष्यात सलग चार दिवसांवर राहिलेले नाहीत. जन्म, शाळा, नोकरी, लग्न सगळं मद्रासेत, आणि मद्रासचं चेन्नई झालं तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. तरी कुठलाही फॉर्म आला की 'मूळ गाव' या रकान्यात ते टाकाने 'तंजावर' लिहीत आणि 'सध्याचा पत्ता' यात वेस्ट मांबलम. जणू काय आज ना उद्या सध्याचं संपणार आणि मुळाला परतायचं.

फॉर्मच्या पुढच्या रकान्यापाशी मात्र कायम घोळ होई. मातृभाषा मराठी असं लिहिलं की पलीकडचा माणूस विचारी, म्हणजे हिंदीच ना? शेजारपाजारचे त्यांना 'रायर' म्हणत, आणि रायर म्हणजे कन्नड, अशी निम्म्या गल्लीची समजूत होती. उरलेली निम्मी गल्ली त्यांना तेलुगू समजे. मुंबई-पुण्याकडचं कुणी भेटलं तर ते मराठी ऐकून आधी हसे, मग म्हणे, वाटत नाही हो तुम्ही मराठी. बालाजीराव यातल्या कुणालाही उत्तर देत नसत. ज्याने त्याने आपल्याला हव्या त्या खणात ठेवावं.

फुल्वेट्याचंही तेच चाललं होतं. तो मुळात ज्या बाराव्या खणात होता ते टिमालिडी नावाचं प्रचंड एकत्र कुटुंब होतं. ज्या पक्ष्याचं कुठेच जमत नसे त्याला जुने शास्त्रज्ञ तिथे नेऊन टाकत. सातभाई, त्यांचे चुलते, आतेभाऊ, लांबचे, जवळचे, कुणाकुणाचे पाहुणे, सगळे तिथे. मग शास्त्रज्ञांच्या पुढच्या पिढीने हे घर मोडलं आणि वाटण्या केल्या. एका पुस्तकाने सांगितलं, फुल्वेटा हा जमिनीवर पाला उचकटत फिरणाऱ्यांच्या कुळातला. बालाजीरावांनी त्याला सतराव्या खणात नेलं. काही वर्षांनी दुसरं पुस्तक म्हणालं, छे, हा सातभाई आणि त्यांच्या मोठ्या गळ्याच्या नातेवाइकांमधला. बालाजीरावांनी त्याला एकोणिसाव्या खणात नेलं. तिथे तो त्या धिप्पाड, आरडाओरडा करणाऱ्या मंडळींमध्ये असा दिसे, जसा लग्नाच्या पंगतीत चुकून दुसऱ्याच मांडवात जाऊन बसलेला माणूस.

संग्रहालयाचा एक नियम असतो. जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, नवी तिच्यावर बांधायची. त्यामुळे फुल्वेट्याच्या एका पायाला आता तीन चिठ्ठ्या होत्या आणि त्या पक्ष्यापेक्षा जड भरल्या असत्या.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना चारुलता आली. ती पुण्याची, पीएचडी करत होती, आणि लॅपटॉप, मोजपट्टी व पाण्याची तीन बाटल्यांएवढी बाटली घेऊन पक्ष्यांच्या चोची मोजायला सकाळी नऊ वाजता हजर होत असे. तिसऱ्या दिवशी बालाजीराव टाकाचं निब बदलताना स्वतःशीच काही पुटपुटले, तेव्हा तिचा हात थांबला.

"काका, तुम्ही मराठी?"

"होय की."

"अय्या. मग इथे कधी आलात?"

बालाजीरावांनी हिशेब केला. "साडेतीनशें वर्षें झालीं असतील."

"नाही, म्हणजे मूळ गाव कुठलं?"

"तंजावर."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीं मी नव्हतों की," बालाजीराव म्हणाले आणि निब पुसू लागले.

चारुलताला ते बोलणं इतकं आवडलं की तिने पुण्याला मैत्रिणीला कळवलं, इथे एक काका आहेत, बखरीतल्या कारकुनाने थेट व्हॉट्सॲप करावं तसं बोलतात. बालाजीरावांनी घरी सांगितलं की एक मुलगी आली आहे, मराठी आहे म्हणते, पण 'ॲक्च्युअली' म्हटल्याशिवाय तिला तोंडच उघडत नाही. अशा रीतीने दोघांनी एकमेकांना थोडं कमी मराठी ठरवलं आणि मैत्री जमली.

एके सकाळी चारुलताने एकोणिसावा खण उघडला आणि म्हणाली, "काका, हा इथे कसा? हा आता यांच्यातला नाही."

बालाजीरावांनी टाक खाली ठेवला. पुन्हा पाठवणी आली हे त्यांनी ओळखलं. "मग कोणांतला म्हणून सांग. कुठला खण?"

"कोणातलाच नाही. डीएनए बघितलं ना, तर हे फुल्वेटे ॲक्च्युअली कुणाशीच नीट जुळत नाहीत. मग त्यांचं वेगळंच कूळ केलं. आल्सिपिडी. जगात दहा-अकरा जाती आहेत, बस. झाली की आता चार-पाच वर्षं त्याला, तुमच्याकडे पुस्तक आलं नसेल."

बालाजीराव स्टुलावर बसले. या वेळी देवळांच्या घंटा वाजल्या नाहीत, रिक्षावाल्यांनीही काही वावगं केलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षं हा जीव कधी याच्या, कधी त्याच्या घरात पाहुणा म्हणून पडून होता आणि जो तो त्याला आपला समजत किंवा परका समजत होता. आणि आता कळत होतं की तो यांचाही नव्हता आणि त्यांचाही नव्हता. त्याचं स्वतःचं घर होतं, फक्त कुणी बांधलं नव्हतं. सईबाईंचं म्हणणं असं की हे सगळं नवऱ्याने स्वतःवर ओढवून घेतलं. बालाजीराव म्हणत, माझा काय संबंध, प्रश्न पक्ष्याचा आहे. पण त्या दिवशी त्यांनी ठरवलं की साठीला या दारातून बाहेर पडायच्या आत फुल्वेट्याला त्याचा स्वतःचा खण मिळाला पाहिजे, आणि त्यावरची पाटी आपल्या हातची पाहिजे.

कपाटाला एकतीस खण. तीस भरलेले. एकतिसावा सगळ्यांत खालचा, भिंतीकडचा, बाहेरच्या कडुलिंबाच्या सावलीतला, आणि म्हणून त्या इमारतीतली सगळ्यांत थंड जागा. त्यात संग्रहालयाचे अधीक्षक रामस्वामी यांचा दहीभात असे.

सकाळी दहा ते दुपारी एक, गेली अकरा वर्षं. मे महिन्यात सगळ्या चेन्नईचं दही दुपारपर्यंत आंबून जाई, पण रामस्वामींचं दही एकतिसाव्या खणातून निघे ते जसंच्या तसं. हा माणूस वाईट नव्हता. तो फक्त दह्याच्या बाबतीत हळवा होता.

बालाजीरावांनी रीतसर अर्ज केला. रामस्वामी त्यांच्यापासून तीन हातांवर बसत, पण अर्ज आवक-जावक करत नऊ दिवसांनी पोचला. उत्तर आलं की सदर खण रिकामा नसून वापरात आहे. कशाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. बालाजीरावांनी दुसरा अर्ज केला की सदर खणातील नमुन्याचं कूळ कळवावं, म्हणजे पाटी करता येईल. याला उत्तर आलं नाही, पण त्या दिवशी रामस्वामी जेवताना पाठ करून बसले. असं करत वर्ष गेलं.

शेवटी हा प्रश्न सईबाईंनी सोडवला. त्या एका सकाळी एकट्या टी. नगरला गेल्या, रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत दोन तास धक्के खाल्ले, आणि गार वस्तू गार ठेवणारी एक जाड निळी पिशवी घेऊन आल्या. ती त्यांनी नवऱ्याबरोबर रामस्वामींना पाठवली. आत घरच्या सांडग्या मिरच्यांची बरणी होती. रामस्वामींनी एक मिरची तळून आणवली, दहीभाताबरोबर खाल्ली, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं, आणि खण सोडला.

"राव सार, घ्या. आत्ता घ्या," ते तमिळमध्ये म्हणाले. "माझं मन बदलायच्या आत ठेवा तुमचा पक्षी."

तो जूनच्या शेवटच्या आठवड्यातला शुक्रवार होता. आदल्या दिवशी आषाढ लागला होता.

इथे तंजावरकरांच्या घरातलं एक गुपित सांगायला हवं. त्यांच्या भिंतीवर दोन पंचांगं असतात. एका बाजूला बापजाद्यांचं मराठी, चंद्राचं. दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यापाजाऱ्यांचं, रोज पान फाडायचं तमिळ, सूर्याचं. साडेतीनशे वर्षांत त्यांनी दोन्हीतल्या शुभ गोष्टी उचलल्या असत्या तर वर्षभर सण झाले असते. पण ती सावध माणसं. त्यांनी दोन्हीतल्या अशुभ गोष्टी उचलल्या. मराठी आषाढात घर बदलायचं नाही, तमिळ आडि महिन्यातही बदलायचं नाही. आषाढ जुलैच्या चोविसाला संपत होता. आडि सतरालाच लागत होता आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत टिकणार होता. म्हणजे एक दार उघडायच्या आत दुसरं बंद. बालाजीरावांनी दोन्ही पंचांगं समोर घेऊन राहुकाळ वगैरे टाळत तास तासून मुहूर्त काढला: आडि संपल्यावर आवणी महिन्याचा पहिला बुधवार, वीस ऑगस्ट, सकाळी नऊ ते साडेदहा. निवृत्ती एकतीसला. अकरा दिवस शिल्लक. उत्तम.

चारुलताला हे कळलं तेव्हा तिने मोजपट्टी बाजूला ठेवली. मेलेल्या पक्ष्याला एका खणातून दुसऱ्या खणात ठेवायला मुहूर्त लागतो हे तिच्या विद्यापीठात शिकवलं नव्हतं. बालाजीरावांनी तिला समजावून सांगितलं की दोनदा त्याला मुहूर्त न बघता हलवलं, आणि दोन्हीदा काय झालं ते तूच बघ, एका ठिकाणी टिकला नाही. चारुलताने मोजपट्टी पुन्हा उचलली.

त्या सात आठवड्यांत त्यांनी पाटी लिहिली. सात वेळा लिहिली. 'आल्सिपिडी' या शब्दातल्या शेवटच्या अक्षराचा फाटा त्यांना हवा तसा वळत नव्हता. खण तोवर रिकामा होता. रामस्वामी येता-जाता त्याच्याकडे बघत, भाड्याने न गेलेल्या दुकानाकडे मालक बघतो तसे.

आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नोटीस आली. कॉलेजने संग्रहालय संगणकावर आणायचं ठरवलं होतं. सोमवारी, अकरा तारखेला, माणसं येतील. प्रत्येक नमुन्याला काळ्या रेघांची चिठ्ठी लागेल. जो नमुना त्या दिवशी ज्या खणात असेल तीच त्याची कायमची जागा, नंतर बदल होणार नाही.

चारुलता नोटीस हातात घेऊन धावत आली. "काका, सोमवारच्या आधी हलवा. पाच मिनिटांचं काम आहे. प्लीज."

बालाजीरावांनी नोटीस वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. चौतीस वर्षांत त्यांनी 'बदल होणार नाही' असं म्हणणाऱ्या नोटिसा पुष्कळ वाचल्या होत्या. त्यांतल्या दोन त्यांनीच सुंदर अक्षरात लिहिल्या होत्या, आणि नंतर त्यांतले बदलही. वीस तारखेला पक्षी हलवू, नोंदीत पेन्सिलीने दुरुस्ती करू, असं त्यांनी मनाशी धरलं. तरी घरी त्यांनी ती घडी तीनदा उलगडून वाचली. रविवारी दुपारी त्यांचा चेहरा बघून सईबाईंनीच विषय काढला.

"पक्षी आहे हो तो," त्या म्हणाल्या. "मेलेला आहे. त्याला कसला आषाढ आणि कसला आडि. उद्यां सकाळीं जाऊन ठेवून या."

बालाजीरावांनी त्यांच्याकडे बघितलं. "ह्या घरांत आपण आडींत आलों. तेव्हां मीही हेंच म्हणालों होतों, विटामातीला कसला आडि म्हणून. पुढें सत्तावीस वर्षें तूं काय म्हणत आलीस?"

पाण्याचा पंप जळला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आडि. खाली पुराचं पाणी शिरलं तेव्हा, आडि. वरच्या मजल्यावरच्याने मृदंगाचा क्लास काढला तेव्हाही, आडि. सत्तावीस वर्षं त्यांनी जे पेरलं होतं ते आता डोळ्यांसमोर उभं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की निदान पाटी तरी लावाल का, पाटीला आडि नसतो.

हे बालाजीरावांना एकदम पटलं. घराला पाटी आधी लागते, माणसं मागून येतात. सोमवारी सकाळी त्यांनी एकतिसाव्या खणाच्या पितळी चौकटीत सातवी पाटी सरकवली. आल्सिपिडी. मोहरीएवढ्या नाही, चांगल्या वाटाण्याएवढ्या अक्षरात. रामस्वामी खुर्चीतून उठून बघायला आले आणि म्हणाले, राव सार, ही पाटी आहे की लग्नपत्रिका. चारुलता शेवटचं म्हणाली, काका, अजून दहा मिनिटं आहेत. बालाजीरावांनी मान हलवली. दहा वाजता संगणकाची माणसं आली.

ती दोघं होती आणि अत्यंत कार्यक्षम होती, हेच वाईट. प्रत्येक पक्ष्याला चिठ्ठी, यंत्राची लाल रेघ, टुक असा आवाज, पुढचा. एकोणिसाव्या खणात फुल्वेट्यावरून लाल रेघ फिरली. टुक. दुपारी ती माणसं एकतिसाव्या खणापाशी पोचली. एकाने पाटी वाचली, खण उघडला, बंद केला, आणि संगणकात लिहिलं: खण एकतीस, कूळ आल्सिपिडी, नमुने शून्य.

बुधवारी, वीस तारखेला, सकाळी सव्वानऊ वाजता बालाजीराव आणि सईबाई रिक्षातून उतरले. सईबाईंनी तंजावरची रेशमी साडी नेसली होती. हातात कुंकवाची डबी, अक्षता आणि एक थर्मास. नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं, पण संग्रहालयात आग चालत नाही, म्हणून त्यांनी दूध घरीच रीतसर उतू घालवून थर्मासमध्ये भरून आणलं होतं.

बालाजीरावांनी एकोणिसाव्या खणाला हात घातला, तसे रामस्वामी उठून आले. त्यांनी संगणकाचा पडदा वळवला. "राव सार, हा उचलून तिथे ठेवलात तर इथे दाखवेल की पक्षी हरवला. मग चौकशी बसेल. हरवला तेव्हा इथे कोण होतं, तर तुम्ही. निवृत्ती अकरा दिवसांवर."

"पेन्सिलीनें दुरुस्त करूं."

"याला पेन्सिल चालत नाही."

बालाजीरावांनी पडद्याकडे वाकून बघितलं. काचेवर बोट ठेवून बघितलं. खरंच, लिहायला कुठे जागा नव्हती. सईबाई थर्मास छातीशी धरून उभ्या होत्या. चारुलता लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून काही वाचत असल्याचं दाखवत होती, पण लॅपटॉप बंद होता. मुहूर्त टळायला पाऊण तास होता.

मग बालाजीराव आपल्या टेबलाशी गेले. टाक घेतला, शाई घेतली, एक कोरी चिठ्ठी कापली. पाच मिनिटं खाली मान घालून लिहीत राहिले. वाळल्यावर एकोणिसावा खण उघडून त्यांनी ती फुल्वेट्याच्या पायाला, काळ्या रेघांची धरून झालेल्या चार चिठ्ठ्यांवर पाचवी म्हणून बांधली. चारुलताने वाकून वाचलं. चिठ्ठीवर मोडीसारख्या वळणाच्या मराठीत दोन ओळी होत्या.

मूळ गाव: खण ३१. सध्याचा पत्ता: खण १९.

सईबाईंनी पक्ष्याला अक्षता वाहिल्या आणि रिकाम्या खणाच्या पाटीला कुंकू लावलं. थर्मासमधल्या दुधाची कॉफी झाली. रामस्वामींनी दोन पेले घेतले आणि अक्षर फार छान आलं आहे म्हणून सांगितलं. चारुलताने चिठ्ठीचा फोटो काढला आणि नाक पुसत म्हणाली की ॲक्च्युअली डांबरगोळ्यांचा त्रास होतो.

बालाजीराव एकतीस ऑगस्टला निवृत्त झाले. फुल्वेटा एकोणिसाव्या खणात आहे. एकतिसावा खण संगणकात रिकामा दिसतो, आणि सप्टेंबरपासून रामस्वामी त्यात दहीभात ठेवतात.